नाक उसनं

तीस वर्षं निपाणीच्या वखारीत जर्दा चाळला.
तंबाखूनं शेवटी आपलं भाडं वसूल केलं,
नाक घेतलं.
मोगरा दिसतो. शेजारची फोडणी ऐकू येते.
बाकी हवा म्हणजे नुसती हवा.

सून एकदा म्हणाली, आत्या,
तुमच्या उशीला अजून वास मारतो.
कसला, ते बोलली नाही.
त्या आठवड्यात मी साबण करायला घेतला.

पहिला घाणा वाया गेला.
जर्मनचं पातेलं घेतलं होतं,
कॉस्टिकनं त्याला फेस आणला, काळं केलं,
बुडाला भोक.
मग कळलं, भांडं स्टीलचंच पाहिजे,
आणि कॉस्टिक पाण्यात सोडायचं,
पाणी कॉस्टिकात कधीच नाही.
अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून,
नातवंडांना मागल्या गल्लीत हाकलून.
खाली जाळ नाही, चूल नाही,
तरी पातेल्याला हात लावता येत नाही.
असले मुकादम मी पाहिलेत.

खोबरेल, करंजेल, वर थोडं एरंडेल.
काठीनं ढवळत बसायचं, हात भरून येईपर्यंत.
चमच्यानं वरून धार सोडली
की आधी ती बुडते.
मग एकदा बुडत नाही,
रेघ वर तशीच राहते.
रेघ राहिली की नीलव्वाला हाक मारायची.

नीलव्वा मागच्या दाराची. तिचं नाक शाबूत आहे.
तिला माझी भाषा अर्धी येते, मला तिची पाव,
पण वास मराठीत नसतो की कानडीत.
दवणा तेलात महिनाभर मुरवलेला,
खानापूरकडून आणवलेला वाळा,
कापूरकचरीची पूड चिमटीनं.
मी थेंब टाकते, ती वाकते,
डोळे मिटते, जसं काही देवापुढे.
"वासनी चलो ऐती," म्हणाली पहिल्यांदा,
आणि मी हसून हसून खाली बसले.
या वयात, बाई, कसली वासना!
तिला कळेना. कळल्यावर ती माझ्याहून जास्त हसली,
पदर साबणात पडला.
आता वाळा जास्त झाला तर ती "भाळ आत" म्हणते,
आणि नेमका जमला तर घमघम.
तो शब्द आम्हाला कुणी शिकवलेला नाही,
दोघींच्या घरी आधीपासूनच होता.

साचा म्हणजे माझं जुनं विडीचं ताट.
कापायला पानं कातरायची कातर चालत नाही,
विळी चालते.
छापखान्याच्या पोरानं विचारलं,
लेबल कुठल्या लिपीत टाकू, मावशी?
मी म्हटलं, उद्या सांगते.
नीलव्वानं हातातलं कंकण काढलं
आणि ओल्या वडीवर दाबलं.
गोल उमटला.
पोराचं बिल वाचलं.

या खेपेला ती गोकाकला गेलीय,
लेकीचं बाळंतपण.
मी एकटीनंच घाणा टाकला.
किती थेंब टाकले, मोजले नाहीत.
पोटमाळ्यावर पेपरवर मांडून ठेवल्यात
एकोणतीस वड्या, गोल नसलेल्या,
रोज एकेक कूस बदलायची.
पंधरवड्यानं जिभेला टेकवून पाहिली,
चटका बसला.
म्हणजे अजून कच्च्या.

कच्च्या आहेत एवढं जीभ सांगते.
पुढचं तिला येत नाही.
सून जिन्यात थांबून वर बघते, काही बोलत नाही,
मी विचारत नाही.
नीलव्वा संकष्टीला येणार म्हणतात,
नाहीतर मग अमावास्येनंतर.
तोवर हातात धरते, पालथी करते, ठेवते.
एवढ्या सगळ्या वड्या,
आणि घरात माझ्यापुरतं
काहीच येत नाहीये.